लहान मुलांना घेऊन घारापुरी: पहिली लाँच गाठा, दोनच्या आत परत फिरा

मुंबईत पाहुणे आले, शाळेला सुट्टी लागली, की घारापुरीचा, म्हणजे एलिफंटा बेटाचा, बेत ठरतो. तासाभराचा समुद्र, धक्क्यावरची झुकझुक गाडी, माकडं आणि डोंगराच्या पोटात कोरलेलं लेणं असं सगळं एका दिवसात मिळतं. तरीही परतीच्या लाँचमध्ये चारच्या सुमारास नजर टाकली तर निम्मी मुलं रडत असतात आणि आईवडील एकमेकांशी बोलत नसतात. बिनसतं ते क्रमामुळे. घरून निवांत निघायचं, अकरा-साडेअकराची लाँच धरायची, भर उन्हात पायऱ्या चढायच्या, वाटेत दुकानांपुढे रेंगाळायचं आणि लेण्यापाशी पोचेपर्यंत मूल भुकेलेलं, घामेजलेलं, कंटाळलेलं. मग ज्याच्यासाठी आलो ते लेणं दहा मिनिटांत उरकायचं.

पुढचा क्रम 4 ते 10 वर्षांच्या मुलांसाठी आहे. दोन वर्षांच्या आतलं बाळ असेल तर हा बेत वर्षभर पुढे ढकललेला बरा. लाँचच्या काठावरून पाऊल टाकताना दोन्ही हात मोकळे लागतात, आणि बाळ असलं की ते मोकळे राहत नाहीत.

टप्पा 1: दिवस ठरवणं

लेणी सोमवारी बंद असतात. धक्क्यावर येऊन हे कळणारी कुटुंबं दर आठवड्याला दिसतात, म्हणून ही गोष्ट सगळ्यांत आधी.

रविवार टाळा. गर्दी दुप्पट असते, शिवाय लोकलचा मेगाब्लॉक. कल्याण, पनवेल किंवा वसईकडून येणाऱ्यांचा पहिला तास तिथेच जातो. मंगळवार ते शुक्रवार उत्तम, नाहीतर शनिवारी पहिली लाँच. लाँच गेटवे ऑफ इंडियापासून सुटते, आणि 26 जानेवारी व 15 ऑगस्टच्या आसपास तिथला बंदोबस्त कडक होतो, तेही दिवस सोडा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम. मे महिन्यात जायचंच असेल तर खालचं वेळापत्रक एका मिनिटानेही ढिलं करू नका. पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँच बंद ठेवतात, आणि चालू असल्या तरी लहान मुलांना घेऊन त्या दिवसांत जाऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

आता भरती-ओहोटी. कोकणातला जुना हिशेब इथेही चालतो: तिथीला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. पंचमीला पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार, आणि त्याच्या सहा तास आधी, पावणेदहाच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. पंचमी-षष्ठीला सकाळी बेटावर उतरलात तर धक्क्याच्या दोन्ही बाजूंना चिखल उघडा पडलेला असतो. त्यात मुलांना काय दिसतं ते टप्पा 4 मध्ये सांगितलं आहे. यासाठी मुद्दाम तिथी शोधत बसायची गरज नाही, पण दोन मोकळ्या दिवसांतून एक निवडायचा असेल तर हा निवडा.

तपासा: आदल्या संध्याकाळी हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा बघा. समुद्रात जाऊ नका असं म्हटलेलं असेल तर बेत रद्द. त्यावर घासाघीस नको.

टप्पा 2: आदल्या रात्रीची तयारी

सामान एकाच पाठपिशवीत मावलं पाहिजे, आणि तिला सगळीकडे चेन हवी. खांद्याला अडकवायची उघडी पिशवी, हातातली कॅरीबॅग, बाबागाडी यातलं काही नको. बाबागाडी लाँचवर अडचण करते आणि पायऱ्यांवर तर उचलूनच न्यावी लागते.

पिशवीत हे असू द्या:

- पाणी: मोठ्यांना माणशी 1 लिटर, मुलांना पाऊण लिटर. बाटल्या पिशवीच्या आत, बाजूच्या जाळीत नाही.
- डबा: घट्ट झाकणाचा, स्टीलचा. दशम्या, धपाटे, गूळपोळी, पुरणाची जाड पोळी, म्हणजे न सांडणारं आणि हात न बरबटणारं काहीही. दहीभात नको. केळीही नकोत, माकडांना ती लांबून ओळखू येतात.
- ओआरएसची 2 पाकिटं, लिमलेटच्या गोळ्या, आवळासुपारी.
- प्रत्येक मुलाचा कपड्यांचा एक जादा जोड आणि छोटा टॉवेल.
- उलटीसाठी 3-4 कागदी पिशव्या आणि तेवढ्याच प्लास्टिकच्या. कागदी आत, प्लास्टिकची बाहेर.
- साबणाची छोटी वडी. सॅनिटायझर असला तरी वडी घ्याच, कारण टप्पा 5 मध्ये आहे.
- टोपी. गळ्याखाली नाडी बांधता येईल अशी, नाहीतर ती समुद्रात जाते.
- 10 आणि 20 च्या नोटा, मिळून पाचेकशे रुपये. गाडी, ग्रामपंचायतीचा कर, लाँचचा वरचा मजला असे पैसे सुट्टेच लागतात, आणि बेटावर फोनला रेंज मिळेलच असं नाही.

मुलांना मागे पट्टा असलेल्या सँडल किंवा बूट घाला. स्लिपर सगळ्यांत वाईट. लाँचवर चढताना ती दोन लाकडांच्या फटीत अडकते, आणि मूल ती सोडवायला नेमकं तिथेच वाकतं.

गाडी लागणारं मूल असेल तर औषधाबद्दल आदल्या दिवशीच आपल्या डॉक्टरांना विचारा. मोठ्यांची गोळी अर्धी करून देऊ नका.

टप्पा 3: गेटवे, तिकीट आणि लाँचवर चढणं

पहिली लाँच सकाळी नऊच्या सुमारास सुटते आणि पुढे साधारण अर्ध्या-अर्ध्या तासाने. तुम्ही सव्वाआठला गेटवेपाशी हवेत. चर्चगेट किंवा सीएसएमटीवरून टॅक्सी करा. मुलांची चालण्याची ताकद इथे खर्च करायची नाही.

नाश्ता घरून निघताना हलका: इडली, पोळीचा तुकडा, थोडे पोहे. वडापाव, तेलकट डोसा आणि भरपूर दूध ही लाँचमधल्या उलटीची हमखास कारणं आहेत. उपाशीपोटी नेलं तरी मळमळतं, त्यामुळे काही न खाणं हा उपाय नाही.

तिकीट खिडकीवरूनच घ्या. आवारात दलाल फिरतात आणि बोलता बोलता दुसरंच काही गळ्यात मारतात. सगळ्यांत जास्त घडणारी चूक म्हणजे बंदरातल्या अर्ध्या-पाऊण तासाच्या फेरीचं तिकीट घेणं. ती लाँच बेटावर जातच नाही. "घारापुरी, जाऊन-येऊन" असं स्पष्ट म्हणा आणि तिकिटावर वाचून घ्या. परतीला हेच तिकीट दाखवावं लागतं, म्हणून ते मुलाच्या हातात खेळायला देऊ नका.

रांगेत लागण्यापूर्वी सगळ्यांनी स्वच्छतागृहात जाऊन या, "मला नाही लागली" म्हणणाऱ्यानेही. लाँचवर सोय असेल असं धरून चालू नका.

चढताना क्रम असा: एक मोठं माणूस आधी लाँचवर, मग मुलं एकेक करून, शेवटी दुसरं मोठं माणूस. मुलाला मनगटापाशी धरा, बोटं धरू नका, ओल्या हातातून ती निसटतात. अनेकदा लाँच धक्क्याला न लागता दुसऱ्या लाँचला लागलेली असते आणि एकीतून दुसरीत जावं लागतं. मधली फट लाटेबरोबर उघडते आणि मिटते. खलाशी "आता" म्हणेल तेव्हाच पाऊल टाकायचं. मुलाला कडेवर घेऊन उडी मारू नका. खलाशाच्या हातात द्या, त्यांचा तो रोजचा सराव आहे.

सावध: लाइफ जॅकेट बसल्या बसल्या चढवा. डिसेंबर 2024 मध्ये याच मार्गावर प्रवासी लाँच आणि नौदलाची स्पीडबोट यांची टक्कर होऊन माणसं दगावली. जॅकेट फोटोपुरतं नाही आणि उकडतं म्हणून काढायचंही नाही. मुलाला मोठ्यांचं जॅकेट दिलं असेल तर लहान मापाचं मागून घ्या. पाण्यात पडल्यावर सैल जॅकेट वर राहतं आणि मूल खालून निसटतं.

तपासा: पट्टे आवळल्यावर मुलाला हात वर करायला सांगा आणि जॅकेट खांद्यापाशी धरून वर ओढा. ते हनुवटीच्या वर सरकलं तर सैल आहे. पट्टे पुन्हा आवळा, तरीही सरकलं तर बदलून घ्या.

बसायला खालचा मजला, लाँचचा मधला भाग. वरच्या मजल्याचे थोडे पैसे जास्त घेतात, तिथून दिसतं छान, पण डोलतंही जास्त. परतीला मुलं सरावली असतील तर वर बसा. ज्याला मळमळतं त्याने लांब, क्षितिजाकडे बघायचं. मोबाइल, चित्रांचं पुस्तक, खाली वाकून खेळणं हे सगळं बंद. मध्ये मोठाली जहाजं, तेलाचे टँकर आणि जवाहर द्वीप दिसतं, तेवढा विरंगुळा पुरतो. थंडीत सीगल लाँचमागे उडत येतात. त्यांना शेव-गाठी भिरकावण्यासाठी मुलं कठड्यावर ओणवी होतात. ते होऊ देऊ नका. पक्ष्यांनाही ते खाणं बरं नाही.

टप्पा 4: शेतबंदरला उतरल्यावर

दहाच्या सुमारास शेतबंदरला उतराल. धक्का समुद्रात लांब आत आला आहे आणि त्यावरून झुकझुक गाडी जाते. सगळे गाडीच्या रांगेत धावतात. तुम्ही जाताना चाला आणि गाडी परतीला ठेवा. सकाळी ऊन कोवळं असतं, तासभर बसून मुलांचे पाय शिवशिवत असतात, आणि परतीला "चल, आता गाडीत बसायचंय" या एका वाक्यावर थकलेलं मूल सगळ्या पायऱ्या उतरतं.

ओहोटी असेल तर कांदळवनापाशी दोन मिनिटं थांबा आणि चिखलाकडे नजर लावा. आधी काहीच दिसत नाही. मग चिखलाच्याच रंगाचं, बोटाएवढं काहीतरी टुणकन उडी मारतं: निवटी. पाण्याबाहेर राहणारा, पुढच्या परांवर रेटत चालणारा, डोक्यावर बटणासारखे डोळे असलेला मासा. शेजारी चिमुकले खेकडे एकच मोठी नांगी वरखाली हलवत असतात. मूल स्वतः शोधून बोट दाखवेपर्यंत तुम्ही दाखवू नका. पाय मात्र धक्क्यावरच, चिखलात उतरायचं नाही.

धक्का संपला की ग्रामपंचायतीचा किरकोळ कर भरायचा आणि पायऱ्या सुरू. सुमारे 120 आहेत, दोन्ही बाजूंना दुकानं, वर ताडपत्रीची सावली. इथे नियम एकच: चढताना खरेदी नाही. माळा, दगडी हत्ती, शंख जे हवं ते उतरताना. हे लाँचमध्येच मुलांशी ठरवून ठेवा. पायऱ्यांवर ठरवायला गेलात तर हराल.

दर 30 पायऱ्यांना थांबा, दोन घोट पाणी, पुन्हा चढा. 4-5 वर्षांचं मूल या बेताने वीसेक मिनिटांत वर येतं. सोबत आजी-आजोबा असतील आणि गुडघे साथ देत नसतील तर डोली मिळते. भाडं आणि ते एका बाजूचं की दोन्ही बाजूंचं, हे बसण्याआधी ठरवा.

टप्पा 5: माकडं

हा टप्पा वेगळा काढला, कारण इथे झालेल्या चुकीची किंमत इंजेक्शनांत मोजावी लागते.

इथल्या माकडांना माणसांच्या हातातल्या वस्तू नीट ओळखता येतात. कॅरीबॅग म्हणजे खाऊ, रंगीत पाण्याची बाटली म्हणजे सरबत, कुरकुरणारं पाकीट म्हणजे वेफर्स. मूल बुटकं असल्यामुळे माकडाच्या दृष्टीने ते सगळ्यांत सोपं गिऱ्हाईक. म्हणून पायऱ्या संपण्याआधी मुलांचे हात पूर्ण रिकामे करा. बाटली, बिस्किट, आइस्क्रीमची काडीसुद्धा नको.

माकडाने काही हिसकावलंच तर सोडून द्या, ओढाताण नको. डोळ्यांत डोळे घालून बघू नका, दात दाखवून हसू नका. त्यांच्या भाषेत ती धमकी असते. मुलाला पळू देऊ नका. त्याला आपल्या मागे घ्या आणि सावकाश मागे सरका. पिल्लू जवळ असेल तर फोटोचा मोह आवरा, त्याची आई जवळपासच असते.

चावलं किंवा नुसता ओरखडा उठला तरी: जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण 15 मिनिटं धुवायची. घड्याळ लावा, कारण रडणाऱ्या मुलापुढे 15 मिनिटं फार मोठी वाटतात आणि लोक दोन मिनिटांत आटपतात. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही, पट्टी घट्ट बांधायची नाही. मिळेल त्या पुढच्या लाँचने परत यायचं आणि त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन रेबीजची लस सुरू करायची. "रक्त आलं नाही, उद्या बघू" असं अजिबात करू नका.

टप्पा 6: लेणं, खाण्याच्या आधी

प्रवेशाचं तिकीट भारतीयांना 40 रुपये, 15 वर्षांखालील मुलांना नाही. वर आलं की बहुतेक लोक आधी डबा उघडतात. त्याने दोन गोष्टी होतात: माकडं गोळा होतात आणि पोट भरलेलं मूल पेंगतं. पावणेअकराला पोचलात तर थेट पहिल्या लेण्यात शिरा, डबा बाराला.

बेटावर आणखीही लेणी आहेत. मुलांसोबत पहिलं नीट बघायचं, बाकीची वाटेवरून जाता जाता. पाचही लेणी पूर्ण करण्याच्या हट्टापायी पहिलं वाया जातं.

उत्तरेच्या दारातून आत गेलात की चालत सुटू नका. दोन मिनिटं उभे राहा. बाहेरच्या उन्हातून आल्यावर आत नुसता काळोख वाटतो, मग एकेक खांब उगवत येतो. डोळे सरावले की समोर, पार दक्षिणेच्या भिंतीत, तीन मुखांची मूर्ती दिसू लागते. उंची सुमारे 20 फूट, म्हणजे दोन मजली घराएवढी. आधी लांबूनच बघू द्या, मग जवळ न्या. थेट मूर्तीपाशी नेऊन उभं केलं तर लहान मुलाला नुसती हनुवटी दिसते.

मुलांना "हे ब्रह्मा, हे विष्णू, हे महेश" असं सांगितलं जातं. ते चूक आहे. अभ्यासक या मूर्तीला सदाशिव म्हणतात, तिन्ही मुखं शिवाचीच आहेत. मुलांना प्रश्न घाला: यातला रागावलेला कोण, शांत कोण, आणि हातात फूल कोणाच्या? आपल्या डावीकडचं मुख उग्र आहे, मिशी आणि कपाळावरची आठी नीट दिसते. मधलं मिटल्या डोळ्यांचं, शांत. उजवीकडचं नाजूक, आणि त्या बाजूच्या हातात कमळाची कळी. पाच वर्षांची मुलंही हे बरोबर ओळखतात. आणि एकदा ओळखलं की विसरत नाहीत.

यानंतर फक्त तीन शिल्पं, याच क्रमाने:

1. सदाशिवाच्या डावीकडे अर्धनारीश्वर. एका बाजूचा देह, केस, कंबर, दागिने दुसऱ्या बाजूहून वेगळे कसे, ते मुलांना शोधू द्या.
2. उजवीकडे गंगाधर. गंगा वरून उतरते आहे, तिला तीन डोकी आहेत. ती कुठे दिसतात ते विचारा.
3. पूर्वेकडच्या भागात कैलास हलवणारा रावण. तो खाली, वर शिव-पार्वती. ही गोष्ट मुलांना बहुधा माहीत असते, म्हणून शेवटी ठेवा, उत्साह टिकतो.

बाहेर पडताना उत्तरेच्या दारापाशी नटराज आहे. हात भंगलेले आहेत. मोडलेले हात कुठे आणि कसे असतील, ते मुलांना स्वतःच्या हातांनी करून दाखवू द्या.

एवढ्याला 50 मिनिटं पुरतात. त्यापुढे मुलं खांबांभोवती पकडापकडी सुरू करतात, ती बाहेर पडायची खूण समजा.

सावध: शिल्पाला हात लावायचा नाही, चौथऱ्यावर चढवून फोटो नाही. मोठे चढले की मुलंही चढतात. जमीन काही ठिकाणी ओली आणि निसरडी असते, आत पळू देऊ नका.

वरची तोफांची टेकडी 8 वर्षांवरच्या, अजून उड्या मारणाऱ्या मुलांसाठी ठीक. दोन मोठ्या तोफा आणि खाली सगळं बंदर दिसतं. मात्र साडेबारा वाजून गेले असतील तर ती सोडून द्या.

टप्पा 7: जेवण, उतरणं, परतीची लाँच

डबा उघड्यावर खाऊ नका. वरच्या किंवा पायऱ्यांलगतच्या एखाद्या उपाहारगृहात चहा-सरबत घेऊन तिथे विचारून आत बसा. खाऊन झाल्यावर साली, कागद, पिशव्या सगळं परत पाठपिशवीत.

एकच्या सुमारास उतरायला लागा. आता खरेदी करा, पण आकडा आधी ठरवून: प्रत्येक मुलाला एक वस्तू. खाली आल्यावर कबूल केलेली झुकझुक गाडी.

दीड ते दोनच्या दरम्यानची लाँच धरा. एक तर तीननंतर धक्क्यावर रांग वाढत जाते आणि तिथे सावली फार नाही. दुसरं म्हणजे दुपार चढली की खारा वारा जोर धरतो आणि समुद्र सकाळपेक्षा जास्त हलतो. सकाळी बिनत्रास आलेलं मूल चारच्या लाँचमध्ये ओकतं, ते यामुळे. शेवटच्या लाँचवर तर कधीच विसंबू नका. पर्यटकांना बेटावर रात्री राहता येत नाही.

तपासा: लाँच सुटण्याआधी डोकी मोजा, तिकीट हातात घ्या, जॅकेट पुन्हा नीट आवळा. परतीला मुलं झोपतात. झोपलेल्या मुलाचंही जॅकेट काढायचं नाही आणि त्याला कठड्याच्या कडेला ठेवायचं नाही. गेटवेला उतरताना त्याला पाच मिनिटं आधी जागं करा, झोपेतलं मूल फटीवरून नीट पाऊल टाकत नाही.

अडीच-तीनपर्यंत गेटवेला पोचाल आणि लोकलची संध्याकाळची गर्दी सुरू व्हायच्या आत घराच्या वाटेला लागाल. बेटाला एलिफंटा हे नाव ज्यावरून पडलं तो दगडी हत्ती मुलं बेटावर शोधतात आणि तो सापडत नाही. तो भायखळ्याला राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाहेर उभा आहे. त्याच दिवशी तिकडे जाऊ नका. पुढच्या सुट्टीत, बुधवार सोडून न्या, बुधवारी राणीची बाग बंद असते.